घुडखराच्या मागे जीप पळवणं आणि त्यांना खायला घालणं, बरोबर आहे का?

मांजलपूरवाली:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. मागच्या आठवड्यात आम्ही दोन घरं मिळून बडोद्याहून कच्छच्या छोट्या रणात जाऊन आलो, पहाटे चारला निघालो, अहमदाबाद, विरमगाम करत दसाड्याला. घुडखर पहिल्यांदाच बघितला. जंगली गाढव म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर काहीतरी मळकट राखाडी होतं, हा तर बदामी रंगाचा, पोट पांढरं, मानेवरचे केस ब्रशसारखे ताठ उभे आणि पाठीवरून शेपटीपर्यंत गडद चॉकलेटी पट्टा. इतका देखणा प्राणी आपल्यापासून पाच तासांवर आहे आणि आपण चाळिशीत बघतोय याचंच वाईट वाटलं.

पण मग आमच्या जीपवाल्याने मुलांना व्हिडिओ मिळावा म्हणून गाडी सरळ कळपाच्या मागे घातली. मुलं आनंदाने ओरडतायत, काटा साठच्या पुढे गेलेला, आणि कळपातलं एक शिंगरू मागे पडायला लागलं. त्याची आई दोनदा थांबली, मागे वळून बघितलं, परत धावली. मी ओरडून गाडी थांबवायला लावली. त्या शिंगराच्या बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या, ते अजून डोळ्यासमोरून जात नाहीये. जीपवाला म्हणाला ताई यांना सवय आहे, काही होत नाही. खरंच काही होत नाही का?

दुसरं म्हणजे माझी मावसबहीण अमेरिकेत ॲरिझोनात असते, तिच्याकडचे व्हिडिओ मुलांनी बघितलेत, तिथली रानगाढवं गाडीच्या खिडकीत तोंड घालून गाजर खातात. आता फेब्रुवारीत सासूसासऱ्यांना घेऊन परत जायचंय तर मुलं म्हणतायत आपण पण गाजरं नेऊ. नेऊ का?

पाटडी_तीन_वर्षं:
ताई गाडी थांबवायला लावलीत हे फार चांगलं केलंत. मी बँकेच्या नोकरीत तीन वर्षं रणाच्या काठच्या पाटडीला होतो त्यामुळे जे बघितलंय ते सांगतो. घुडखर थोडा वेळ ताशी सत्तरच्या आसपास पळू शकतो हे खरं, पण तो पळतो ते जीव वाचवायला, सवय वगैरे काही नसते. पावसाळ्यात जन्मलेली शिंगरं आत्ता चार पाच महिन्यांची असतील, आईच्या दुधावर असतात, कळप फुटला तर ते पिल्लू हरवतं. आणि थंडीत रणात खायला फार काही नसतं, बेटांवरचं, म्हणजे रणातल्या उंचवट्यांवरचं, वाळलं गवत, खारट झुडुपं आणि गांडो बावळच्या, म्हणजे वेड्या बाभळीच्या शेंगा, त्यावर मिळवलेली ताकद तुमच्या व्हिडिओसाठी खर्च होते.

खाण्याचं म्हणाल तर गाजरं अजिबात नेऊ नका. माझ्या घरमालकांचं रणाच्या काठाला जिऱ्याचं शेत होतं, एकदा हट्टाने त्यांच्याबरोबर रात्री राखणीला गेलो. दोनच्या सुमाराला काही दिसत नव्हतं, नुसता कचकच चावण्याचा आवाज, टॉर्च मारला तर सात आठ जोडी डोळे चमकले. डबे वाजवून हाकलले तरी तासाभरात परत हजर. सकाळी जिऱ्याचा एक पट्टा तुडवून सपाट झालेला. ते काका डोक्याला हात लावून बांधावर बसले पण जनावराला शिवी नाही दिली, म्हणाले त्याचं पण रणच आहे ना. आता अशा जनावराला माणसाच्या हातचं खायला शिकवलं तर ते शेताकडे आणि रस्त्याकडे जास्तच येणार, आणि भोगणार कोण, तो शेतकरी आणि तिथले अगरिये, म्हणजे रणात मीठ पिकवणारे लोक. आपण तर संध्याकाळी बडोद्याला परत.

रावपुऱ्याचा_किंगमनमध्ये:
ॲरिझोनाचं वाचलं म्हणून लिहितोय, मी मूळचा बडोद्याच्या रावपुऱ्यातला, आता तिथेच ॲरिझोनात किंगमनला असतो. तुमच्या बहिणीने पाठवलेला व्हिडिओ बहुतेक ओटमनचा असेल, जुन्या रूट ६६ वरचं सोन्याच्या खाणीचं गाव. इथल्या गाढवांना बरो म्हणतात आणि ती मुळात रानटी नाहीतच. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव गाढवं, खाणीत ओझी वाहायला होती, खाणी बंद पडल्या तशी लोकांनी सोडून दिली आणि वाळवंटात वाढली. म्हणजे घुडखराशी नातं लांबचंच, तो तर कधी कोणाच्या गोठ्यात राहिलेलाच नाही. १९७१ च्या कायद्याने इथे सरकारी जमिनीवरच्या बरोंना संरक्षण आहे.

आता ओटमनला गाजर खाणारी दिसतात ती गोड वाटतात, मलाही वाटायची. पण पहिल्याच वर्षी माझ्या मुलीच्या हातातली पिशवी ओढताना एकाने तिचा दंड चावला, जाड जॅकेट होतं म्हणून निभावलं, तरी काळंनिळं झालं होतं. शिंगरांच्या कपाळावर खायला घालू नका असे स्टिकर लावलेले मी स्वतः बघितलेत. लास व्हेगासजवळ रेड रॉक कॅन्यनला तर खायला घालायला बंदीच आहे, दंड होतो, कारण गाडी म्हणजे खाणं हे त्यांच्या डोक्यात बसलं की ती रस्त्यावर येऊन उभी राहतात आणि रात्री गाड्यांखाली मरतात. अंधारात तो राखाडी रंग डांबरात इतका मिसळतो की अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. मी आता संध्याकाळनंतर त्या रस्त्याला चाळीसच्या वर जातच नाही, मैल म्हणतोय.

पण एक सांगतो, माझं प्रेम कमी झालेलं नाही. इथे कोरड्या ओढ्यात बरो खुरांनी वाळू उकरून पाणी काढतात, कधी कधी दोन मीटरपर्यंत खोल, आणि मग त्याच खड्ड्यात हरणं, पक्षी सगळे येऊन पितात. २०२१ मध्ये सायन्स मासिकात यावर अभ्यास पण आला होता. त्यांना जवळ बोलावण्यापेक्षा लांबून बसून हे बघा, मुलं तासभर हलणार नाहीत.

फत्तेगंज_झूलॉजी:
वरच्या दोघांशी एकदम सहमत, एक आजाराचा मुद्दा राहिलाय. १९६० च्या आसपास आधी सर्रा (माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा आजार) आणि मग घोड्यांचा आफ्रिकन आजार आला, आणि साठच्या दशकाच्या शेवटी घुडखर फक्त ३६२ उरले होते. जगात ही उपजात दुसरीकडे कुठे टिकलेलीच नाही, सगळं या एका रणात. १९७३ ला अभयारण्य झालं, जवळपास ४९५४ चौरस किलोमीटर, तेव्हापासून हळूहळू सावरत २०२० च्या मोजणीत ६०८२ आणि २०२४ ला ७६७२ झाले. आकडा मोठा दिसतो पण सगळे एकाच टोपलीत आहेत हो, परत साथ आली तर काय. गावातली घोडी गाढवं आणि हे जितके लांब राहतील तितकं बरं, खायला घालून वस्तीकडे ओढलं की नेमकं उलटं होतं. शिवाय हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमधला प्राणी आहे, वाघाच्या यादीतला, त्याच्यामागे गाडी लावणं हा गुन्हा आहे हे जीपवाल्याला शांतपणे सांगा.

मांजलपूरवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जेवताना मुलांना हे सगळं वाचून दाखवलं, धाकटा जिऱ्याच्या शेतावर अडकला, त्या काकांना पैसे कोण देणार विचारत होता, मला उत्तर देता आलं नाही. गाजरं रद्द. पाटडीवाले काका, मग फेब्रुवारीत जीप ठरवताना नेमकं काय बोलू? सासऱ्यांचे गुडघे दुखतात त्यामुळे चालणं होणार नाही.

पाटडी_तीन_वर्षं:
चालायची गरजच नाही. पैसे ठरवतानाच सांगा की पाठलाग नको, कळप दिसला की लांबच इंजिन बंद करायचं, आणि एका सकाळी एकच कळप बघायचा. चांगले जीपवाले तिथे आहेत, असं गिऱ्हाईक मिळालं की त्यांनाही आवडतं. ऊन चढायच्या आत पोचा, नंतर मृगजळामुळे घुडखर पाण्यावर तरंगल्यासारखे दिसतात, फोटो येत नाहीत पण सासूबाईंना ते नक्की दाखवा. वारा असतो, कानटोपी घ्या. आणि परतताना अगरियांच्या झोपडीशी चहाला थांबलात तर गोड पाण्याचे दोन कॅन घेऊन जा, तिथे पाणी टँकरने येतं.