वेळास-आंजर्ले कासव महोत्सव : दिवस कसे निवडावेत, तिथे कसं वागावं? (सल्ला हवा आहे)

सुरूबन
मार्चमध्ये पुण्याहून कासव महोत्सवाला जायचं आहे. सोबत पंचाहत्तरीचे सासरे आणि आठ वर्षांचा मुलगा. हाताशी दोन रात्री आहेत. वेळास की आंजर्ले? तारखा कशा ठरवायच्या? फोटोंसाठी कोणती लेन्स न्यावी? आणखी एक, मुलाला त्याचं घरचं पाळीव कासव सोबत न्यायचंय. चालेल का?

पाऊणपट
आधी तारखा, कारण बहुतेकांचा बेत तिथेच फसतो. महोत्सव म्हणजे ठरलेल्या वेळचा कार्यक्रम नव्हे. अंडी उबवणी केंद्रात पुरलेली असतात आणि पिल्लं वाळूतून वर आली तरच समुद्रात सोडतात. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी साधारण ५० ते ५५ दिवसांत फुटतात. डिसेंबरच्या थंड वाळूत ती ६० दिवसही घेतात, मार्चमध्ये वाळू तापली की लवकर फुटतात. म्हणून बुकिंगच्या वेळी "महोत्सव कधी आहे?" असं विचारू नका. "जानेवारीत कोणत्या तारखांना किती घरटी मिळाली?" असं विचारा. २० जानेवारीचं घरटं असेल तर ११ ते १६ मार्च धरायचा. अशी तीन-चार घरटी ज्या दिवसांत एकत्र येतात ते दिवस घ्या. एका घरट्यातली सगळी पिल्लं एकदम येतातच असं नाही, मागे राहिलेली पुढचे दोन-तीन दिवस येत राहतात. त्यामुळे पहिल्या दिवसापेक्षा दुसरा दिवस जास्त भरवशाचा.

आता तिथी. कोकणात भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढतात. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. ओहोटी तिथून सव्वासहा तासांनी. पिल्लं साधारण सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात. म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीपासून जवळ असतं, पिल्लू लाटेत शिरताना नीट दिसतं आणि सासऱ्यांना ओल्या पुळणीवरून लांब चालावं लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येला त्याच वेळी पाणी खूप आत गेलेलं असतं. जागा ऐसपैस मिळते, पण पिल्लू पाण्यापर्यंत पोचताना ठिपक्याएवढं दिसतं. तरी क्रम चुकवू नका : आधी घरटं, मग तिथी.

बाणकोटकर
पाऊणपटशी सहमत, एक भर. शनिवार-रविवार टाळा. गर्दीत मागच्या रांगेतल्या मुलांना काहीच दिसत नाही. दोन रात्री असतील तर मंगळवारी दुपारी पोचून गुरुवारी सकाळचं पाहून निघा. संध्याकाळ, सकाळ, संध्याकाळ, सकाळ अशा चार संधी मिळतात. एका रात्रीत दोनच, आणि दोन्ही वेळा घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली काहीच नसण्याची शक्यता खरी असते.

वेळास की आंजर्ले, तर सासऱ्यांचा विचार करून एकच गाव निवडा. केळशीमार्गे दोन्ही गावं जोडलेली आहेत, पण पहाटे उठून या गावातून त्या गावात जाण्यात अर्थ नाही. वेळास मंडणगड तालुक्यात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये संरक्षण सुरू केलं आणि २००६ पासून महोत्सव भरू लागला. राहणं-जेवण गावकऱ्यांच्या घरीच. गावातून किनाऱ्यावर सुरूच्या बनातून पायी जावं लागतं, मऊ वाळूत सासऱ्यांना काठी लागेल. आंजर्ले दापोली तालुक्यात, तिथे राहण्याचे पर्याय जास्त. गुडघ्यांचा त्रास असेल तर आंजर्ले, नाहीतर वेळास.

रस्ता : ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बागमांडला, तिथून फेरीबोटीने गाडीसकट वेसवी आणि मग बाणकोटवरून वेळास. शेवटच्या बोटीची वेळ निघण्याआधी फोनवर पक्की करा. बोट हुकली तर महाड-मंडणगडचा मोठा वळसा पडतो आणि संध्याकाळची संधी जाते. घरमालकांसाठी रोख पैसे ठेवा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

लेपिडोकेलिस
घरच्या कासवाबद्दल : आणू नका. पाठीवर चांदण्यांसारखी पिवळी नक्षी असेल तर ते स्टार कासव. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरी ठेवणं गुन्हा आहे. वनविभागाशी बोलून ते सुपूर्द करा. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते परदेशी रेड इअर्ड स्लायडर. त्याला कुठल्याही तळ्यात किंवा नदीत सोडू नका, ते स्थानिक कासवांचं अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावतं. दोन्हींपैकी कुठलंही समुद्रात सोडलं तर मरेल. समुद्री कासवाच्या पायांचे वल्ह्यांसारखे पर असतात आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात. गोड्या पाण्यातल्या किंवा जमिनीवरच्या कासवाकडे ही सोय नाही. मुलाला हा फरक आधीच चित्र काढून दाखवा, तिथे गेल्यावर पिल्लाचे पर तो स्वतः ओळखेल.

सुरूबन
लाल पट्टाच आहे. घरीच ठेवतो. पण तिथे मुलाला पिल्लू हातात घेता येईल का? आणि टॉर्च?

लेपिडोकेलिस
हातात नाही. पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटरचं असतं. अंड्यातल्या बलकाची उरलेली शिदोरी पोटात घेऊन ते निघतं आणि त्यावरच त्याला पहिला दिवसभर अखंड पोहायचं असतं. हाताळण्यात गेलेला प्रत्येक मिनिट त्या शिदोरीतून जातो. तुमच्या हाताला लागलेलं डासांचं मलम किंवा सनस्क्रीनही त्याच्या अंगाला लागतं. वाळूवरून त्याने स्वतःच चालायला हवं, त्या चालीतच जन्मकिनाऱ्याची ओळख पक्की होत असावी असं अभ्यासक मानतात.

टॉर्च, फ्लॅश, मोबाइलचा दिवा, काहीच नाही. पिल्लू उजळ क्षितिजाकडे चालतं. किनाऱ्यावरचा उजेड समुद्रापेक्षा ठळक झाला की ते मागे वळतं. पहाटे सुरूच्या बनातून येताना दिवा लागलाच तर लाल आणि जमिनीकडे झुकवलेला, उबवणी केंद्र दिसायला लागलं की बंद.

पाऊणपट
लाल दिव्याचीही सवय नको. सहानंतर निघालात तर तेवढं उजाडतं, डोळे सरावतात.

लेपिडोकेलिस
मान्य, जिथे जमेल तिथे दिवा नकोच. पण पंचाहत्तरीच्या माणसाने मुळांत अडखळून पडू नये म्हणून लिहिलं.

सर्वात मोठी चूक लोक पिल्लं पाण्यात गेल्यावर करतात. लाट काही पिल्लांना परत वाळूवर, बऱ्याचदा बाजूला दोरीच्या पलीकडे आणून टाकते. तेवढ्यात लोक "संपलं" म्हणून पाण्याकडे धावतात. ओल्या वाळूत राखाडी पिल्लू दिसतच नाही. कासवमित्र (घरटी राखणारे कार्यकर्ते) "चला" म्हणेपर्यंत जागचे हलू नका. पायाशी पिल्लू आलं तर उचलू नका, तिथेच थांबून हात वर करा, ते येऊन बघतील.

कातळ
लेन्सचं सांगतो. दोरीच्या मागून 70-300 पुरते, पोटावर झोपून पिल्लाच्या पातळीला या. सकाळी सूर्य मागच्या डोंगराआडून येतो, सातला उजेड सपाट आणि कमी असतो. ISO 1600, शटर 1/500, त्याखाली गेलात तर पर हलताना धुरकट येतात. संध्याकाळी सूर्य समोर समुद्रावर, म्हणजे पिल्लू काळं पडणार. छायाचित्र तसंच हवं असेल तर उत्तम, नाहीतर एक्सपोजर एक स्टॉप वाढवा. ऑटोफोकसचा मदतीचा लहान दिवा मेनूत जाऊन बंद करा, फ्लॅश बंद केला तरी तो लागतोच. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका.

मुलासाठी एक काम : घरट्याच्या पाटीवरची अंडी सापडल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या वहीत उतरवून घ्यायला सांगा. शंभरच्या आसपास आकडा असतो. मग टोपली उचलल्यावर आलेली पिल्लं मोजायची. कासवमित्रांना विचारलं तर न फुटलेल्या अंड्यांचं काय होतं तेही समजावून सांगतात.

बाणकोटकर
आणि मधल्या दिवशी बाणकोटचा हिम्मतगड. वेळास हे नाना फडणवीसांचं गाव, तिथलं स्मारकही पाहा. उन्हाआधी उरका, सासऱ्यांना चारपर्यंत झोप मिळायला हवी.

सुरूबन
ठरलं : वेळास, मंगळवार ते गुरुवार. घरट्यांच्या तारखा विचारून मग आठवडा पक्का करतो. पहिल्या संध्याकाळी टोपलीखाली काहीच नसेल तर मुलाला काय दाखवू?

लेपिडोकेलिस
सकाळी लवकर, लोक यायच्या आत, भरतीच्या रेषेच्या वर कासविणीची वाट शोधा. रिडले आळीपाळीने पाय टाकते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खुणा समोरासमोर न येता पुढे-मागे पडतात, पाऊण मीटर रुंद असा माग तयार होतो. एक माग वर चढताना, एक परतताना. मार्चमध्येही उशिराची मादी येते. माग दिसला तर त्यावर पाय न देता, आजूबाजूला काहीही न उकरता लगेच कासवमित्रांना सांगा. अंडी लवकरात लवकर हलवायची असतात, कारण काही तासांनी गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो आणि अंडं फिरलं की मरतो.

मुलाला गुहागरची गोष्टही सांगा. ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. बिल्ल्याचा क्रमांक वाचता आला म्हणून ती कुठून आली ते कळलं. माग शोधताना तो वाळूकडे वेगळ्याच नजरेने बघेल.