विषय: सासू-सासऱ्यांना माउलब्रॉन दाखवावं का?

नमस्कार मंडळी,
सासूबाई-सासरे आलेत पुण्याहून. हायडेलबर्ग, ब्लॅक फॉरेस्ट सगळं झालं, आता अजून एक किल्ला दाखवला तर सासरे म्हणतील आपला सिंहगड काय वाईट होता :) गणपतीत कोणीतरी माउलब्रॉनच्या जुन्या ख्रिस्ती मठाचं नाव घेतलं होतं. अर्धा दिवस जातो का तिथे? सासूबाईंना फार चालवत नाही.

---

जरूर ने गं. स्टुटगार्टहून ट्रेनने म्युलाकर, पुढे बस. ११४७ साली सिस्टर्शियन पंथाचे ख्रिस्ती साधू इथे आले, १९९३ला युनेस्कोच्या यादीत नाव लागलं, बाकी सनावळ्या बोर्डावर आहेतच, पण सासऱ्यांना चर्चमधली आडवी दगडी भिंत नक्की दाखव, एका बाजूला साधू आणि दुसऱ्या बाजूला शेती-बांधकामाची कामं करणारे बंधू, जेवायचे हॉलसुद्धा वेगवेगळे! आमचे बाबा लगेच म्हणाले, पंक्तिभेद इथेही होताच की. मग ती गरम खोली बघा, खाली जाळ करायचे आणि वर फरशीतल्या भोकांतून ऊब यायची, एवढ्या थंडीत तेवढाच आधार. मांस वर्ज्य म्हणून माशांसाठी तळी केली, पाट काढले, त्यातल्या एका तळ्यात आता लोक उन्हाळ्यात पोहतात. माझ्या मते चर्चपेक्षा हे पाण्याचं काम भारी आहे, पण गाईड त्यावर फार वेळ देत नाहीत.

आणि हो, केप्लर इथल्या शाळेत शिकला, १५८६ ते ८९. ग्रहांच्या कक्षावाला तोच. सासरे इंजिनियर आहेत ना, खूश होतील.

चालण्याचं म्हणशील तर आवारात दगडी फरसबंदी आहे, बूट नीट घालायला सांग. आवारात फिरायला तिकीट नाही, नगरपालिकेचं ऑफिस, हॉटेलं सगळं तिथेच, दमल्या तर कॉफी घेऊन बसतील.

---

काका, एक राहिलं. माउलटाशन! उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून साधूंनी मांस पिठाच्या पारीत लपवलं आणि हा पदार्थ झाला, अशी दंतकथा सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण आत सहसा मांस असतं, सासूबाईंसाठी व्हेज आहे का ते आधी विचारा. आणि लेखक हेर्मान हेसे याच मठातल्या शाळेतून १८९२ला पळून गेला होता, माझ्या दहावीतल्या मुलाला एवढीच माहिती आवडली :D

---

थँक्स दोघांना! शनिवारी सकाळी निघतोय, गाडीत दोन जागा आहेत, कोणाला यायचं असेल तर कळवा. दशम्या आणि चटणी मी घेते.