पाच महिन्यांचं पिल्लू कोंबड्या धरतंय आणि हाडावर गुरगुरतंय, घरचे सोडून द्या म्हणताय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, अमळनेर तालुक्यात आमची शेती आहे आणि घर मळ्यातच आहे. दिवाळीनंतर कपाशीची वेचणी चालू होती तेव्हा आमच्या सालदाराला बांधाजवळ एक गावठी पिल्लू सापडलं, जेमतेम महिन्याचं असेल, आई आणि बाकीची भावंडं कुठं दिसली नाही, मग त्याने ते पोत्यात गुंडाळून घरी आणलं. माझ्या पुतण्याने नाव ठेवलं शेरू. दूध-भाकर खाऊन वाढला, आता पाच महिन्यांचा आहे, दुधाचे दात पडताय, परवा ओट्यावर एक सापडला.

आता अडचण सांगतो. आमच्याकडे आठ शेळ्या आणि दहा-बारा कोंबड्या आहेत. मागच्या महिन्यापासून हा कोंबडी दिसली की आधी एकदम थिजल्यासारखा उभा राहतो, डोकं खाली, एक पाय वर, डोळे नुसते तिच्यावर, मग पोट जमिनीला टेकवून दोन-तीन पावलं सरकतो आणि एकदम झेप. आतापर्यंत दोन कोंबड्या धरल्या, एक मेली. गंमत म्हणजे खाल्ली नाही, मेल्यावर नुसतं नाकाने ढकलून बघत होता की ही आता पळत का नाही. भूक नव्हती हे नक्की, कारण अर्ध्या तासापूर्वीच जेवला होता. मोठ्या शेळ्यांच्या वाटेला जात नाही, एकीने शिंगाने उडवला होता एकदा. पण करडू उड्या मारायला लागलं की लगेच मागे. आणि घरातली मांजर, जिच्या शेजारी तो लहानपणी झोपायचा, तिला काहीच करत नाही, ती त्याच्या ताटलीत तोंड घालते तरी चालतं. हे मला कळतच नाही.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. गेल्या रविवारी मटणाचं हाड दिलं होतं, पुतण्या सहा वर्षांचा आहे, तो जवळ गेला तर शेरू अंग आखडून खाली मान घालून गुरगुरला. चावला नाही. पण आप्पांनी बघितलं आणि चपलेने मारला. तेव्हापासून आप्पा दिसले की हा कान पाडून उताणा होतो आणि तिथंच मुततो, आणि आप्पांना वाटतं मुद्दाम घाण करतो म्हणून अजून ओरडा. आई तेवढी त्याच्या बाजूने, "मुकं जनावर शे ते, तेले काय समजस" म्हणते. बाकी सगळ्यांचं मत, तापीपलीकडे नेऊन सोडून दे.

मला ते करायचं नाहीये. ज्याला आपण पोत्यातून काढून वाढवलं त्याला अनोळखी गावच्या कुत्र्यांत टाकायचं म्हणजे मारायलाच टाकणं आहे. पण घरात लहान पोरगं आहे हेही खरं, त्याच्यावर मी कुत्र्याचा हट्ट लादू शकत नाही. म्हणून विचारतो, हे जातीचंच असतं का, म्हणजे रक्तातच असतं आणि बदलत नाही, की आईपासून लवकर तुटल्यामुळे झालं, की आमचं काही चुकतंय? ज्यांनी गावठी कुत्री शेळ्या-कोंबड्यांत वाढवलीत त्यांनी प्लीज सांगा. रेबीजचं इंजेक्शन तीन महिन्यांचा झाल्यावर दिलंय.

प्रतिसाद

भाऊ, मी साक्रीकडचा, माझ्याकडे तीन कुत्री आणि शेळ्या आहेत. आधी सोडून द्यायचा विचार थांबवा, यात वाया गेलेलं काही दिसत नाही.

तुम्ही लिहिलं ना, थिजतो, रोखून बघतो, दबकतो, मग झेप, ही शिकारीची साखळी आहे. बघणं, दबा, पाठलाग, धरणं, मारणं, फाडणं, खाणं. कुत्र्यात या कड्या सुट्या असतात, सगळ्या मिळूनच येतात असं नाही, म्हणून पोट भरलेलं असतानाही पाठलाग होतो आणि मारल्यावर पुढे काय करायचं ते कळत नाही. हा राग नाही. पळणं हेच त्याचं बक्षीस, त्यामुळे कोंबडी मेल्यावर मारून उपयोग शून्य, त्याला मजा आधीच मिळून गेलेली असते.

मांजरीचं उत्तर वयात आहे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे जवळून बघतं ते त्याला आपलं वाटतं. आमच्याकडे ठेलारी, म्हणजे मेंढपाळ, मेंढ्या घेऊन येतात, त्यांच्या कुत्र्यांची पिल्लं कळपातच वाढतात, म्हणून मेंढ्या त्यांना आपल्याच वाटतात. तुमच्या शेरूला त्या वयात मांजर मिळाली, कोंबड्या बहुतेक नाही. तो काळ गेला, पण शिकणं बंद होत नाही, वेळ जास्त लागतो.

दहा-पंधरा फुटांचा दोर पट्ट्याला बांधून ठेवा, एकटा मोकळा सोडूच नका सध्या. तो रोखून बघतो तोच क्षण पकडायचा. झेप घेतल्यावर हाक ऐकू जात नाही. म्हणून रोखून बघत असतानाच नाव घ्या, वळला की भाकरीचा, जमलं तर अंड्याचा तुकडा. कोंबड्या लांब असताना सुरू करा.

हाडाचं मात्र नीट ऐका. गुरगुरणं म्हणजे त्याने दिलेली सूचना आहे. ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल. हिसकावू नका, लांबून जाता जाता काहीतरी जास्त चांगलं टाका आणि निघून जा, म्हणजे माणूस आला की मिळतं असं त्याच्या डोक्यात बसेल. हे मोठ्यांनीच करायचं. पोरगं त्याच्या जेवणाजवळ नाही म्हणजे नाही, आणि दोघांना एकटं सोडायचं नाही. हाडं सध्या बंदच ठेवा. आप्पांना सांगा, उताणा होऊन मुतणं म्हणजे "मी लहान आहे, मारू नका". जितकं ओरडाल तितकं वाढेल. त्यांनी त्याच्याकडे न बघता खाली बसावं, त्याला येऊ द्यावं.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

दादा, खूप आभार, तुमचा मजकूर आप्पांना वाचून दाखवला. काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी खळ्यात खाटेवर न बसता खाली बसले आणि शेरूकडे पाठ करून गूळ-भाकर खात होते, पाच-दहा मिनिटांनी हा सरपटत गेला आणि त्यांची बोटं हुंगून आला. मुतला नाही! दोर बांधून आज सहावा दिवस, कोंबड्या वीस पावलांवर असल्या तर हाकेला वळतो, दहावर नाही वळत.

एक अजून विचारायचं राहिलं. खेळताना तो हात फार जोरात धरतो, रक्त येतं. भावंडांत राहिला असता तर एकाने कोकललं की खेळ थांबतो आणि दात किती लावायचे ते कळतं, हे मी नंतर वाचलं, याला ते मिळालंच नाही. आता पाच महिन्यांत ते आम्ही शिकवू शकतो का? शेजारच्या मळ्यात एक शांत म्हातारी कुत्री आहे, तिच्याजवळ रोज थोडा वेळ नेला तर चालेल का, की तिने चावा घेतला तर अजून घाबरेल?