मदत हवी आहे: लाइट जाऊन आली की नॅव्हिड्रोम (घरचा गाण्यांचा सर्व्हर) रिकाम्या फोल्डरवर चालू होतं

रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, ४ जीबी), ६४ बिटची पाय ओएस, नॅव्हिड्रोम डॉकर कंपोजमधून, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालतं. गाणी २ टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक्स्ट४ फॉरमॅट. डिस्कला स्वतःचा अडॅप्टर आहे, त्यामुळे पायकडून करंट कमी पडतोय असं नाही.

मी हाताने रीबूट केलं तर सगळं सुरळीत. लाइट जाऊन आली की मात्र डिस्क गरगरत जागी होईपर्यंत डॉकर कंटेनर उठवून मोकळा होतो. अॅपमध्ये अल्बम दिसतात, कव्हरही दिसतात, पण एकही गाणं वाजत नाही. होस्टवर, म्हणजे पायवर, डिस्क नंतर व्यवस्थित माउंट झालेली (फोल्डरला जोडलेली) असते, कंटेनरच्या आत तेच फोल्डर रिकामं. कंटेनर रीस्टार्ट केला की गाडी रुळावर. पण मी घरी नसताना आईला एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून पायवर लॉगिन) करायला कसं सांगू?

करून पाहिलेलं: एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ती फाइल) यूयूआयडी (डिस्कची कायमची ओळख) आणि नोफेल (डिस्क नसली तरी बूट पुढे जाऊ दे), डिव्हाइस टाइमआउट ६० सेकंद. फरक शून्य. नोफेल काढलं तर डिस्क बंद असताना पाय इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो, ते नको. अख्खी डॉकर सर्व्हिसच माउंटवर अडवता येईल, पण त्याच पायवर, डॉकरमध्येच, पाय-होल (जाहिराती अडवणारा, घरच्या नेटचा डीएनएस सर्व्हर) आहे. डिस्क रुसली तर घरभराचं नेट बंद. यूपीएस सध्या बजेटमध्ये नाही.

तर पाय-होल लगेच चालू व्हावं आणि फक्त नॅव्हिड्रोमने डिस्क माउंट होईपर्यंत थांबावं, यासाठी वेगळं सिस्टमडी युनिट (काय कधी सुरू करायचं ते सांगणारी फाइल) लिहायचं, की कंपोजमधल्या माउंट प्रॉपगेशनने (होस्टवर नंतर झालेलं माउंट कंटेनरलाही दिसू देणारी सेटिंग) काम भागेल?