मदत हवी आहे: 'फित्झकराल्डो'ची कुठली प्रत दाखवू?

मंडळी, आमच्या चित्रपट मंडळात जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्त्सोगचा 'फित्झकराल्डो' (१९८२) दाखवायचाय. पेरूतल्या इक्वितोसला बर्फाचा धंदा करून बघणारा आणि मग ऑपेरागृह बांधायला पैसे हवेत म्हणून रबराच्या मागे लागणारा त्याचा परदेशी नायक मला फार जवळचा वाटतो. कथेत तो एक आगबोट डोंगरावरून ओढून नेतो, आणि चित्रीकरणातही ती खरोखरच ओढली होती. ते ताणलेले दोर, तो चिखल मोठ्या पडद्यावरच बघावा. अडचण एवढीच, की चित्रीकरण इंग्रजीत झालं, पण जर्मन आवाजातली प्रतही आहे. नायक झालेल्या क्लाउस किन्स्कीचं काम कुठल्या प्रतीत जास्त भिडतं? दोन्ही बघितलेल्यांनी कृपया सांगा. शिवाय रबराच्या तेजीत ॲमेझॉनमधल्या आदिवासींची जी भयंकर पिळवणूक झाली, त्याबद्दल प्रेक्षकांशी आधी बोलायचंय. मराठीत वाचण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.