एकच मजकूर अनेक पानांवर असला की रँकिंग खरंच पडतं का?

साडीवाला_इंदूर
सीतलामाता बाजारातल्या एका साडीच्या दुकानाची साइट सांभाळतो. माहेश्वरी साड्या तीनशेच्या आसपास आहेत आणि प्रत्येक रंगाची लिंक वेगळी. वर्णन मात्र तेच, तेही पुरवठादाराने दिलेलं, म्हणजे इतर दुकानांच्या साइटवरही शब्दशः सापडतं. सर्च कन्सोल (साइटमालकांसाठी गुगलचं टूल) शेकडो पानं 'डुप्लिकेट' म्हणून इंडेक्सबाहेर, म्हणजे गुगलच्या शोधसूचीबाहेर, दाखवतंय. हिंदी आणि मराठी असे दोन विभागही आहेत. शिवाय मालकांना उज्जैन, देवास, महूसाठी वेगळी पानं हवीत. गुगल दंड लावतं का? रोबोट्स फाइलमधून (गुगलने कोणती पानं वाचू नयेत हे सांगणारी फाइल) जास्तीची पानं बंद करू का?

राजवाडा_टेक
दंड नाही. गुगल सारख्या पानांचा गट करतं, त्यातलं एक मुख्य धरतं आणि बाकीची निकालांत सहसा येत नाहीत. अडचण इतकीच, की त्याने निवडलेलं पान तुम्हाला हवं तेच असेल याची खात्री नसते.

रोबोट्स फाइलला हात लावू नका. पान तिथून अडवलं की गुगलला त्यातला कॅनॉनिकल टॅग (सारख्या पानांतलं मुख्य कोणतं हे सांगणारा कोड) वाचताच येत नाही, आणि बाहेरून लिंक असेल तर नुसता पत्ता तरीही इंडेक्समध्ये राहू शकतो.

आधी एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना, हे चारही पत्ते ३०१ रीडायरेक्टने (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) एकाच पत्त्यावर आणा. रीडायरेक्ट निदान वर्षभर काढू नका. मग रंगांच्या पानांवर कॅनॉनिकल टाकून तो मूळ साडीच्या पानाकडे वळवा. किंमतीप्रमाणे क्रम लावल्यावर तयार होणाऱ्या लिंकांनाही तेच करा. त्यांच्यासाठी असलेलं पॅरामीटरचं (पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे येणाऱ्या भागाचं) टूल गुगलने २०२२ मध्येच काढून टाकलं.

टॅग हेडमध्येच (पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या भागात) हवा, पत्ता पूर्ण हवा आणि पानावर एकच हवा. थीम (साइटचा तयार साचा) एक टाकते, प्लगइन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम) दुसरा टाकतं, दोन्हींचे पत्ते वेगळे निघतात आणि गुगल दोन्हींकडे दुर्लक्ष करतं. हे फार वेळा होतं, म्हणून पानाचा सोर्स उघडून स्वतः बघा. यादीच्या दुसऱ्या पानाचा कॅनॉनिकल पहिल्याकडे देऊ नका. दुसऱ्या पानावरच्या साड्या गुगलला सापडायला अवघड जातात.

ताणाबाणा
रंगांबाबत माझं मत वेगळं आहे, भाऊ. रंगांची वेगळी पानं ठेवायचीच कशाला? एकाच पानावर रंग निवडायची सोय द्या आणि जुन्या लिंका ३०१ ने तिकडे वळवा. कॅनॉनिकल ही शेवटी सूचनाच आहे, गुगल ती मानेलच असं नाही. लोक खरोखर 'हिरवी माहेश्वरी' असं शोधत असतील तरच त्या रंगाचं पान ठेवा, पण मग त्याचं वर्णनही स्वतंत्र लिहा.

पुरवठादाराचा मजकूर हा खरा रोग. कॅनॉनिकलने तो बरा होत नाही, कारण तीच वाक्यं इतरांकडेही आहेत. सगळ्या साड्या एकदम लिहायला बसू नका, खपाच्या आधी घ्या. ताणा रेशमी आणि बाणा सुती आहे का, बुगडी काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो का, ब्लाउजपीस किती, धुवायची कशी, हे लिहा. गिऱ्हाईक दुकानात हेच विचारतं.

उज्जैन-देवासची पानं मालकांना नाहीच म्हणा. नुसतं गावाचं नाव बदललेली पानं गुगलच्या स्पॅम नियमांत डोअरवे म्हणून मोडतात, आणि तिथे मात्र कारवाई होऊ शकते. घरपोचचं एकच पान करून त्यात गावं आणि लागणारे दिवस द्या.

साडीवाला_इंदूर
आणि मराठी-हिंदीचं? लिपी एकच, म्हणून धाकधूक आहे.

राजवाडा_टेक
नीट केलेला अनुवाद डुप्लिकेट धरला जात नाही. दोन्ही पानांवर एचरेफलँग, म्हणजे पान कोणत्या भाषेतलं आणि त्याची दुसऱ्या भाषेतली जोडी कोणती हे सांगणारा टॅग, टाका (मराठीला एमआर, हिंदीला एचआय), एकमेकांकडे परतीचा दुवा हवाच. कॅनॉनिकल मात्र ज्याचा त्याला. मराठीचा हिंदीकडे गेला तर मराठी पान निकालांतून गळू शकतं. आणि मेनू मराठीत पण वर्णन हिंदीतच, असं असेल तर ते डुप्लिकेटच.

ताणाबाणा
बदल झाल्यावर सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये (एकेक पत्ता तपासायची सोय) दोन ओळी ताडून पाहा: तुम्ही सांगितलेला कॅनॉनिकल आणि गुगलने निवडलेला. दोन्ही जुळत नसतील तर साइटमॅप (गुगलला दिलेली पत्त्यांची यादी) आणि आतल्या लिंका तपासा. बहुतेक त्या अजून जुन्याच पत्त्यांवर असतात. 'योग्य कॅनॉनिकल असलेलं पर्यायी पान' अशा अर्थाची नोंद दिसली तर ती चूक नाही, तिच्यामागे लागू नका.