समूहमन नासतं कशामुळे? गोल्डन डॉनचं उदाहरण

सांजवात:
काही माणसं वर्षानुवर्षं मन लावून एकच विधी करत राहिली, की त्यांच्यात एक सामाईक मन तयार होतं आणि पुढे तेच त्यांना चालवू लागतं. पाश्चात्त्य गूढविद्येत याला ‘इग्रेगोर’ म्हणतात. मी हे मानते.

गोल्डन डॉन ही गूढविद्येची संस्था १८८८ साली लंडनमध्ये निघाली. तिच्या आतल्या वर्तुळाची दीक्षा सात भिंतींच्या खोलीत व्हायची. दर भिंतीवर ४० चौकोन, प्रत्येकाचा रंग आणि चिन्ह ठरलेलं, मधोमध शवपेटी. दीक्षा घेतलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत तीच खोली. समूहमन जमतं ते असं.

पुढे संस्थेतल्या फ्लोरेन्स फार यांनी निवडक सभासदांचा वेगळा, गुप्त गट काढला. दुसऱ्या सभासद अ‍ॅनी हॉर्निमन यांनी हरकत घेतली आणि कवी येट्स त्यांच्या बाजूने उभा राहिला. १९०१ मध्ये पत्रक छापून त्याने बजावलं, की संघ हा जिवंत जीव आहे; त्याच्या पोटात आपली गुपितं जपणारा गट म्हणजे त्याला जडलेला रोग. मतदानात तो हरला. तरी त्याचंच खरं होतं.

पायवाट:
अजिबात पटलं नाही. ‘मन नासलं’ म्हटलं की माणसं मोकळी सुटतात. ज्या जर्मन बाईंच्या पत्रांच्या आधारावर संस्था उभी राहिली, ती पत्रं संस्थापक वेस्टकॉटने बनावट तयार केली, असं दुसरा संस्थापक मॅदर्सनेच फेब्रुवारी १९०० मध्ये फार यांना लिहून कळवलं. त्याआधी १८९६ मध्ये हॉर्निमन यांनी मॅदर्सला द्यायचे पैसे थांबवले आणि त्याच वर्षी त्याने त्यांना काढून टाकलं; त्या १९०० मध्ये परत आल्या. एप्रिल १९०० मध्ये त्याच्या वतीने त्याचा माणूस क्रौली मुखवटा घालून संस्थेची ब्लाइथ रोडवरची जागा ताब्यात घ्यायला गेला, तेव्हा प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. ही सरळसरळ भाऊबंदकी आहे. पैसा, मालकी, खोटेपणा. यात अदृश्य जीव कशाला हवा?

सांजवात:
पण पत्रांबद्दल कळल्यावरही कितीतरी जणांनी विधी सोडले नाहीत. मग त्यांना धरून कोणी ठेवलं होतं?

पायवाट:
सवयीने. आणि तुमचंच म्हणणं खरं धरलं, तर खोट्यावरही पोसला जाणारा जीव आहे तो. मला त्याची भीती वाटते.

बकुळफूल:
गुप्त गटाचं कारण सगळीकडे लागू पडत नाही. ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ बघा. १९११ मध्ये बनारसला सुरू झालेली उघड संघटना, हजारो लोक जगद्गुरूची वाट बघत होते, आणि तो लहानपणीच निवडलेल्या कृष्णमूर्तींच्या रूपात येणार असं मानत होते. ३ ऑगस्ट १९२९ ला हॉलंडमधल्या ओमेनला, अ‍ॅनी बेझंट समोर असताना कृष्णमूर्तींनी ती विसर्जित केली. तिथे रोग वाट बघण्यातच होता. सगळ्यांनी मिळून एका मुलावर आपली मूर्ती बसवली होती आणि तो त्या मूर्तीखाली गुदमरत होता.

सांजवात:
हे मात्र मला खोडता येत नाही. येट्सने आतल्या गटांचा विचार केला, सगळा संघच एका माणसावर ओझं होऊन बसतो याचा नाही.